सत्कारमूर्ती

शाल अंगावर पडेपर्यंत ऑलविन तुस्कानोला वाटत होतं, की आपल्याला खेळायला बोलावलंय. म्हणून तर तो घरूनच फुटबॉलचे स्टडवाले बूट घालून आला होता. मस्कतमधल्या अल हैलच्या त्या टर्फ मैदानाच्या कडेला शामियाना, शामियान्यात लाल सोफा, सोफ्यासमोर टीपॉय, टीपॉयवर फुलांचा गुच्छ, हे सगळं त्याने येताना पाहिलं होतं. पण ते कोणातरी मोठ्या माणसासाठी असणार, स्पॉन्सर असेल, एखाद्या अर्बाबाला, म्हणजे इथल्या अरब मालकाला, बोलावलं असेल, असं समजून तो सरळ एका कोपऱ्यात जाऊन मांड्या ताणायला लागला होता. तिथून देवेशने, म्हणजे कोकण-वसई क्रीडा मंडळाच्या सेक्रेटरीने, त्याला दंडाला धरून उठवलं आणि आणून सोफ्यावर बसवलं. सोफा इतका मऊ की गुडघे छातीशी आले. अंगात ट्रॅक पँट, जुना टीशर्ट, पायात स्टड, आणि त्यावर आता ही जरीकाठाची शाल. नोव्हेंबर असला तरी चार वाजताचं मस्कतचं ऊन ते. शालीखाली मानेवर लगेच घाम आला. हातात नारळ दिला गेला. आपल्याकडे माणसाला नारळ देतात तेव्हा त्याचा आणखी काय अर्थ होतो, हे ऑलविनला ठाऊक नव्हतं. त्याचं मराठी तेवढं खोल नव्हतं. पहिल्या रांगेत कोट घालून बसलेल्या त्याच्या वडिलांना मात्र ते चांगलंच ठाऊक होतं, आणि तरी ते टाळ्या वाजवत होते. माइकवर देवेश रंगात आला होता. "साता समुद्रापार आपला झेंडा रोवणारे, अमेरिकेचं मैदान गाजवणारे, वसईचे सुपुत्र, माजी फुटबॉलपटू श्री. ऑलविन पायस तुस्कानो!"

माजी. हा शब्द ऑलविनला येत होता. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना लहानपणापासून जाऊन जाऊन जे पाचपन्नास जड शब्द त्याच्या कानात बसले होते त्यात तो होता. माजी अध्यक्ष, माजी खजिनदार. ज्यांचं काम संपलंय आणि ज्यांना आता पुढच्या रांगेत बसवून चहा द्यायचा, ती माणसं. त्याला क्षणभर खरंच कळेना की हे कोणाबद्दल बोलतायत. मग कळलं, आणि बेसावध असताना मागून कोणी टांग मारली की होतं तसं झालं. पडण्याआधीच आपण पडणार हे कळतं आणि करता काही येत नाही. त्याने वडिलांकडे पाहिलं. पायस तुस्कानोंनी मान डोलावली, हसले, आणि बाजूच्या माणसाच्या कानात काहीतरी सांगितलं. म्हणजे ही माहिती तिथूनच गेली होती. देवेशचा फोन आईने, क्लोटिल्डाने, घेतला होता. तिने फोन ठेवून स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितलं होतं, "शुक्रवारी मिस्सा झाली की लगेच जेव हां. चारला किक-ऑफ हाय, देवेश सांगत होता तू पाहिजेच." त्या बिचारीला जे सांगितलं ते तिने जसंच्या तसं सांगितलं. किक-ऑफ म्हटल्यावर खेळायचं, हे ऑलविनने आपलं आपणच धरलं. आठवडाभर तो या मॅचची वाट बघत होता, हे आता कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

म्हणे अमेरिकेचं मैदान गाजवणारे. त्याला हसू यायला हवं होतं. कुठलं मैदान, देवेशभाई? ते ओहायोमधलं, जे शाळेचं होतं आणि ज्यावर त्यांच्या त्या दुसऱ्या, हाताने खेळायच्या फुटबॉलच्या पांढऱ्या आडव्या रेषा पक्क्या आखलेल्या होत्या, इतक्या की आमच्या खेळाच्या पिवळ्या रेषा त्यातून शोधाव्या लागायच्या? पहिल्या मोसमात तो अर्धा वेळ खालीच बघत असायचा, पेनल्टी एरिया संपला कुठे, आपण उभे कुठे आहोत. की ते टेक्ससमधलं, जिथे गोलपोस्टच्या मागून मालगाडी जायची आणि तिचे डबे संपेपर्यंत कोणाची हाक कोणाला ऐकू यायची नाही? कॉलेजच्या स्कॉलरशिपवर तो गेला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर दिव्यांनी उजळलेली स्टेडियमं होती. मिळाला तो तिसऱ्या दर्जाचा फुटबॉल, मग चौथ्या, मग पुन्हा तिसऱ्या. राहायला एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातलं तळघर. ती बाई रविवारी मॅचला यायची आणि शेजारणीला सांगायची, हा आमचा मुलगा, हा ओमानहून आला आहे. सकाळी क्लबतर्फे लहान पोरांना शिकवायचं, दुपारी सराव, संध्याकाळी दुकानादुकानांतून फिरून आपल्याच मॅचची तिकिटं खपवायची. रात्रभर बस, पहाटे पेट्रोलपंपावरचं सँडविच, आणि उतरल्या उतरल्या पाय ताणून मैदानात. हे त्याने कोणाला कधी रडगाणं म्हणून सांगितलं नव्हतं, कारण ते रडगाणं नव्हतंच. त्याला ते आवडायचं. त्या बसमध्ये मेक्सिकोचे होते, घानाचे होते, एक आइसलंडचा होता, आणि सगळे आपापल्या देशात कोणाच्याही खिजगणतीत नव्हते. पण बस थांबली की प्रत्येकाला आपली जागा माहीत असायची.

त्याची जागा मधली. बचावफळीच्या पुढे, बाकी सगळ्यांच्या मागे, सहा नंबर. वडिलांना ती जागा कधी कळली नाही. दर मॅचनंतर फोन व्हायचा आणि पायस विचारायचे, "मग? गोल किती मारले?" आणि ऑलविन म्हणायचा, "पप्पा, मी गोल नाही मारत." मग, "बरं. जेवला का?" हॉटेलच्या मेन्टेनन्समध्ये जन्म घालवलेला तो माणूस, लिफ्ट चालू आहे, एसी थंड आहे, नळाला पाणी आहे, हे सगळं आपल्यामुळे आहे आणि पाहुण्यांना आपलं तोंडही माहीत नाही, हे त्यांना उभं आयुष्य पाठ होतं. अशा माणसाला तरी सहा नंबर म्हणजे काय ते कळायला हवं होतं, असं ऑलविनला किती वेळा वाटलं होतं. मागून आलेला बॉल घ्यायचा, अंगावर येणाऱ्याकडे पाठ करून घ्यायचा, वळायचं, आणि जिथे आत्ता कोणी नाही पण क्षणात असेल तिथे द्यायचा. दिला की विसरायचं. टाळी दुसऱ्याला पडते. त्याला त्या टाळीचा हेवा कधी वाटला नाही. बॉल येण्याआधीच्या त्या निमिषात, जेव्हा तो खांद्यावरून मागे बघून घ्यायचा आणि सगळं मैदान, आपले, परके, मोकळ्या जागा, एकदम डोक्यात उमटायचं, तेव्हा त्याला जे वाटायचं ते दुसऱ्या कशातच वाटलं नव्हतं. प्रेमात नाही, चर्चमध्ये नाही. जन्म मस्कतचा आणि पासपोर्ट हिंदुस्थानचा. ओमानला तो परका, हिंदुस्थानला अनोळखी, अमेरिकेत परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागांपैकी एक अडवणारा. वसईचा सुपुत्र म्हणाल तर मे महिन्यात महिनाभर. कुठून आलास या प्रश्नाला द्यायला त्याच्याकडे नेहमी एक लांबलचक उत्तर असायचं. मैदानातल्या त्या जागेवर उभं राहिलं की ते उत्तर लागायचं नाही.

मग एका सकाळी मालकाने क्लब बंद केला. व्हिसा कराराला बांधलेला, तोही गेला. ऑलविन अल हैलच्या, आईवडिलांच्या त्याच दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये परत आला, तिशी ओलांडून, आणि बैठकीच्या सोफ्यावर झोपायला लागला, कारण त्याच्या खोलीत आता आईचं शिलाई मशीन होतं. येणारेजाणारे विचारायचे, "मग आता पुढे काय?" आणि हा प्रश्न ते इतक्या मायेने विचारायचे की त्यांच्यावर चिडताही यायचं नाही. पायसनी मात्र वेळ घालवला नाही. हॉटेलातला जुना मित्र आता दुक्मला एका कंत्राटदाराकडे मोठ्या जागेवर होता. तिथे स्टोअर सुपरवायझरची जागा निघाली. राहणं-खाणं कंपनीचं, रेसिडेन्सी होईल, दर दोन महिन्यांनी सुट्टी. रविवारी सकाळी रुसैलहून कंपनीची बस सुटणार होती. आणि त्याच रविवारी संध्याकाळी मस्कतजवळच्या बरक्याला, ओमानच्या दुसऱ्या डिव्हिजनच्या एका क्लबात, ट्युनिशियाचा एक कोच त्याला बघणार होता. अल हैलच्या किनाऱ्यावर ऑलविन एकटा धावताना त्या कोचने त्याला दोनदा पाहिलं होतं, थांबवून विचारलं होतं, आणि म्हणाला होता, परदेशी खेळाडूची एक जागा अजून भरायची आहे; ये, बघू; वचन देत नाही. हे ऑलविनने घरी सांगितलं तेव्हा पायसनी उठून पंखा एकने कमी केला. "दुक्म म्हणजे नोकरी," ते म्हणाले. "आणि ते दुसरं म्हणजे बघू. मी बत्तीस वर्षं इथे आहे बाबा, या देशात 'बघू'वर कोणाला व्हिसा देत नाहीत." चुकीचं काहीच बोलत नव्हते. त्यांच्यावर रागावता येत नव्हतं ते याचमुळे. दुक्म म्हणजे दूर वाळवंटात बाराशे पुरुष आणि एक समुद्र. तिथे गेला की खेळ गेला. तो आठवडाभर हो म्हणाला नव्हता आणि नाहीही म्हणाला नव्हता. आणि आता पायसनी देवेशच्या माइकवरून परस्पर उत्तर देऊन टाकलं होतं.

"सत्काराला उत्तर म्हणून ऑलविनजी दोन शब्द बोलतील," देवेश म्हणाला आणि माइक त्याच्या तोंडाशी आला. समोर दोनेकशे माणसं. बायका मुलांना वेफर्स देत होत्या. रुसैलच्या गोदामातल्या पोरांची टीम आणि पलीकडे ऑफिसवाल्यांची टीम, दोन्ही मैदानात उभ्या राहून कंटाळल्या होत्या. मी माजी नाही, हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं. पण पहिल्या रांगेत आई डोळे पुसत होती, आणि ती आनंदाने पुसत होती. "थँक यू," ऑलविन म्हणाला. "थँक यू सगळ्यांना." लोकांना ते फार आवडलं. किती साधा मुलगा, अमेरिकेत राहून जराही फरक नाही. टाळ्या वाजत राहिल्या आणि त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की कान तापले. एवढा रात्ररात्र बसमधून फिरलो, एवढे गुडघे सोलले, आणि एका शालीपुढे आपण गप्प बसलो.

आता प्रमुख पाहुण्यांच्या पायाने सामन्याचा शुभारंभ. हीदेखील आपली एक रीत आहे. पाहुण्याला मैदानात न्यायचं, खेळाडू ओळीने उभे करून त्याच्याशी हस्तांदोलन करवायचं, बॉल मध्यावर ठेवायचा, पाहुण्याने तो हलकेच ढकलायचा, फोटो काढायचा, आणि पाहुण्याला परत आणून सोफ्यात ठेवायचं. बहुतेक पाहुणे चामड्याच्या बुटांनी बॉलला भीतभीत स्पर्श करतात. शाल आईकडे गेली, नारळ तिच्या मांडीवर. ऑलविन ओळीतून हात मिळवत गेला. टर्फच्या रबराचा तापलेला वास नाकात शिरला आणि त्याचं अंग आपोआप हलकं झालं. रुसैलच्या टीममधला साकिब म्हणून एक रत्नागिरीचा, दाढीत पांढरे आलेला, हात मिळवताना म्हणाला, "भाय, मी मिडलला खेळतो. ओव्हरटाइम करून सरळ हितंच आलो. पाय नाय राहिले माझे."

बॉल मध्यावर होता. फोटोवाला गुडघ्यावर बसला. "हळूच हां," देवेश म्हणाला, "फक्त टच कर." ऑलविनने बॉलवर पाय ठेवला. कित्येक महिन्यांनी दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, जाळ्या होत्या, रेषा होत्या. त्याने सवयीने खांद्यावरून मागे पाहिलं. आणि सगळं मैदान डोक्यात उमटलं, कोण कुठे, मोकळी जागा कुठे. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. त्याने बॉल साकिबला दिला आणि परत घ्यायला चार पावलं पुढे झाला. साकिबने, बिचाऱ्याने, परत दिला.

"अरे, अरे," रेफरी सादिक शिट्टी वाजवत आला. "खलास, पाहुणे, फोटो झाला. बाहेर व्हा आता."

"मी खेळतो," ऑलविन म्हणाला. "साकिबभायच्या जागी."

साकिबचा चेहरा उजळला. "चालेल! या अल्ला, मी बसतो. खेळू दे त्याला."

पण रेहान, ऑफिसवाल्यांचा कॅप्टन, पुढे आला. "नो वे. देवेश, हे काय आहे? प्रोफेशनल प्लेयर कसा घेणार? रूल आहे आपला. अमेरिकेत खेळणारा माणूस उतरवला तर आम्ही घरी जातो."

हे वाक्य ऑलविनने ऐकलं आणि त्याच्या छातीत काहीतरी ताठ उभं राहिलं. इतक्या भाषणात, इतक्या टाळ्यांत, खरा सत्कार त्याचा या एका माणसाने केला होता, आणि तोही भांडताना. देवेश तोंडावर हात ठेवून विचार करत होता. मंडळाच्या सेक्रेटरीला तोडगा सुचतो तसा त्याला सुचला. "रेहान, ऐक. प्रोफेशनल नाही ना आता तो! माजी आहे. माजीला रूल नाय लागत. मागच्या वर्षी आपण गुलजारचाचांना माजी म्हणूनच घेतलं होतं की नाही?"

रेहानने खांदे उडवले. "त्याने तसं सांगावं मग. रिटायर्ड आहे म्हणून. आमची काय हरकत नाही, खेळू दे."

"झालं तर!" देवेश ऑलविनकडे वळला. "बोल रे, सांग त्याला. माजी आहेस ना? चल, यल्ला, ऊन उतरायला लागलं."

सगळे त्याच्याकडे बघत होते. किती सोपं होतं. एक शब्द, आणि तासभर मैदान. तासभर बॉल पायात, खांद्यावरून मागे बघणं, वळणं, देणं. त्याचे पाय खरोखर मागत होते, तहान लागल्यासारखे. आणि हा शब्द तरी कोणापुढे म्हणायचा? मंडळाच्या मॅचमध्ये, रुसैल आणि अल हैलच्या चार लोकांपुढे. उद्या कोणाच्या लक्षातही राहणार नाही. असं म्हणून माणसं किती शब्द देत जातात, आणि मग एक दिवस दुक्मच्या बसमध्ये बसलेली असतात. त्याला एकदम स्पष्ट दिसलं की आज इथे खेळण्यासाठी माजी म्हणालो, तर रविवारी न म्हणताही माजीच असेन. खेळायची इतकी हाव त्याला आयुष्यात कधी सुटली नव्हती, आणि तिचा इतका रागही कधी आला नव्हता.

देवेश शामियान्याकडे वळून ओरडला, "पायस अंकल, तुम्हीच सांगा ना! तुम्हीच म्हणाला होता. माजी ना?"

पायस उठून रेषेपर्यंत आले होते. कोटाचं बटण लागलेलं, कपाळावर घाम. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा बॉलवर पाय ठेवून उभा होता, आणि बहुधा या आधी त्यांनी त्याला असं जवळून, मैदानात, बॉलसकट कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या शाळेच्या मॅचेस नेहमी त्यांच्या ड्यूटीत यायच्या. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"त्याला विचारा," पायस म्हणाले.

"नाही," ऑलविन म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की माइकची गरज पडली नाही. मराठी अडखळलं, पण थांबलं नाही. "मी माजी नाही. मी प्रोफेशनल आहे. रेहान बरोबर बोलतो, मला नाही खेळता येणार. सॉरी." त्याने बॉल साकिबच्या पायात दिला, नीट, त्याला वाकावंही लागू नये असा, आणि चालत मैदानाबाहेर आला. टाळी कोणी वाजवली नाही. एकदोघे हसले. "अमेरिकेचं वारं लागलंय," असं कोणीतरी म्हणालं. मागे सादिकची शिट्टी झाली आणि बॉल लाथाडल्याचा पहिला आवाज आला, तेव्हा मात्र त्याला वळून बघू नये म्हणून जबडा आवळून धरावा लागला.

जाळीच्या दारापाशी पायसनी त्याला गाठलं. ते जरा धापत होते. "रविवारची बस," ते म्हणाले.

"मी नाही जाणार, पप्पा. बरक्याला जाणार."

"आणि तिथे नाही म्हणाले तर?"

"तर दुसरा क्लब बघेन. सगळे नाही म्हणेपर्यंत मी नाही म्हणणार नाही."

पायस चिडले होते. "आणि दुक्मला मी काय सांगू? माणसाने शब्द टाकलाय माझ्यासाठी. माझी काय किंमत राहील? काय सांगू मी त्याला?"

ऑलविनने वाकून स्टडच्या नाड्या घट्ट केल्या. हा राग खरा होता, आणि तो त्याला सोसावाच लागणार होता. बापाच्या मित्राचा, बापाचा, घरातल्या सोफ्यावरच्या सगळ्या रात्रींचा. "आत्ता देवेशला जे सांगितलं ना," तो म्हणाला, "तेच सांगा. त्याला विचारा म्हणा. माझा नंबर द्या."

मग तो दाराबाहेर पडला, आणि किनाऱ्याच्या रस्त्याला लागून पळायला लागला.